मधले आजोबा

१

माझं कुलपांचं दुकान आहे. कुलपं, कड्या, बिजागऱ्या, मुठी, म्हणजे लाकूड सोडून दाराला जे जे लागतं ते सगळं. शिक्षण म्हणाल तर शाळा मी सोडली की शाळेनं मला, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. पण दाराच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. नवा माल आला की मी कडी कानाशी धरून दाबतो. स्प्रिंग कडक असली तर ती खाकरते, ढिली असली तर फुसफुसते, आणि नेमकी असली तर आधी एक बारीक टिच, मग क्षणभर काही नाही, आणि मग गोल, भरीव ठक. तो ठक आला की माल माझा. एका गिऱ्हाईकानं माझ्याकडून सगळ्यात भारी कुलूप नेलं, बसवलं, आणि किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं. शेवटी सुताराला चौकट कापावी लागली. दुसऱ्या दिवशी गृहस्थ दुकानात हजर. मला वाटलं भांडायला आले. ते म्हणाले, तसलंच आणखी एक द्या. अशी माणसं मी जपून ठेवतो.

आणि अशा माझ्या घरात, जेवणाच्या खोलीत, जावईबापूंनी स्क्रीन लावली.

मुलगी एका गावाला, धाकटा दुसऱ्या, आम्ही दोघं तिसऱ्या. तिन्ही घरांत जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर एकेक स्क्रीन. आमच्या स्क्रीनवर डावीकडे मुलीचं टेबल, उजवीकडे धाकट्याचं. मध्ये एक बारीक काळी रेघ. स्क्रीन कायम चालू.

"बाबा, फोन लावायचा नाही, उचलायचा नाही," जावईबापू म्हणाले. "भिंतीला खिडकी पाडलीय असं समजा."

"खिडकीला कडी असते," मी म्हटलं.

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

लग्न झाल्यापासून बनियनवर जेवत आलेला माणूस मी. आता जावयासमोर शर्ट घालून बसायचं. आमची ही अर्धं जेवण त्या भिंतीकडे तोंड करून करायची. "भाजी घे रे," असं ती दुसऱ्या गावातल्या मुलाला सांगायची आणि माझी वाटी रिकामीच. वर सगळ्यांचं एक पालुपद, घर कसं जवळ आलं. जवळ आलं म्हणजे काय, तर त्या दिवसापासून आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. सुट्टीला या म्हटलं की उत्तर तयार, "बाबा, रोज भेटतोच की."

एक मात्र होतं. नात दिसायची. ती पहाटे उठल्यापासून ओरडत असते म्हणून मी तिला टिटवी म्हणतो. तिच्यासाठी मी शर्टाची बटणंसुद्धा लावत होतो.

२

ते गृहस्थ पहिल्यांदा कधी दिसले ते मला सांगता येणार नाही, कारण त्यांच्यात लक्ष जाण्यासारखं काही नव्हतंच. मुलीच्या टेबलाच्या शेवटी, अगदी त्या काळ्या रेघेला लागून कोणीतरी बसलेलं असायचं. राखाडी बाही, खांदा, ताटाशेजारी ठेवलेला हात. कधी पुढे वाकले तर कान आणि पांढरे केस. बाकीचा माणूस रेघेपलीकडे, म्हणजे कुठेच नाही.

मी मनात म्हटलं, जावईबापूंचे काका असतील.

आता तुम्ही म्हणाल, विचारायचं होतं. तुम्हाला मुलीचं सासर नसेल. मुलीच्या सासरचं वडीलधारं माणूस समोर जेवत असताना "आपण कोण" असं विचारलं, तर लग्नात आमचं लक्ष कुठे होतं असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा मी मान लववली. हात किंचित वर झाला. आमच्या हिनंही विचारपूस केली, "काय, बरं आहे ना?" त्यावर मऊ, दमलेला आवाज आला, "तुमच्या कृपेनं."

माणूस सभ्य, पण मला त्यांचा वैताग यायला लागला. मी काहीही म्हटलं की ते म्हणत, "बरोबर आहे." मालाचा दर्जा घसरलाय म्हटलं, बरोबर आहे. नाही घसरला म्हटलं, तेही बरोबर. दुकानात असं गिऱ्हाईक आलं की मी ओळखतो, हा काही घेणार नाही. हा नुसतं दुकान बघायला आलाय.

आणि आणखी एक. जेवण मध्यावर आलं की ते म्हणत, "सावकाश होऊ द्या."

एकदा मी हिला आत बोलावून म्हटलंसुद्धा, "हे आपल्याला सावकाश होऊ द्या म्हणणारे कोण? ते घरच्या यजमानानं म्हणायचं असतं. पाहुण्यानं खाली मान घालून जेवायचं."

"अहो, मोठे आहेत. म्हणू द्या ना. तुमच्या घासाला काय धाड भरली?"

धाड भरली नव्हती. पण त्यानंतर त्यांनी तसं म्हटलं की माझा घास हातातच राहायचा.

टिटवीचं मात्र त्यांच्याशी गूळपीठ. ती त्यांना "मधले आजोबा" म्हणायची. आम्ही सगळे हसलो. एक आजोबा वडिलांकडचे, एक आईकडचे, मग हे मधले. लहान मुलांचं डोकं कसं चालतं बघा, असंही कोणी म्हणालं.

३

एका दुपारी दुकान बंद करून मी जेवायला घरी आलो होतो. ही शेजारी गेलेली. स्क्रीनवर दोन्ही टेबलं रिकामी, फक्त रेघेजवळ ती बाही.

"तुमच्याकडे कड्या असतात ना?" ते म्हणाले.

झालं. इतके दिवस ज्यांनी मला छळलं त्यांनी एका वाक्यात मला विकत घेतलं. मी ताट बाजूला सारलं.

"कसली हवी?"

"आतलं दार आहे. दोन्ही बाजूंनी उघडायला हवं. किल्लीचं भोक नको."

"म्हणजे मुठीची कडी. उघडणार कोण? मोठी माणसं की…"

"लहान मूल."

मला कौतुक वाटलं. घरात लेकरू आहे म्हणून दाराचा विचार करणारी माणसं कमी. मी भरभरून बोललो. म्हटलं, पितळी घ्या, मऊ स्प्रिंगची. बसवताना कमरेच्या खाली बसवा, नाहीतर मूल टाचा उंचावतं आणि बोटं चेमटतात. दार कुठल्या हाताचं, म्हणजे बिजागऱ्या कुठल्या बाजूला? डाव्या हाताचं, ते म्हणाले. चौकटीची जाडी विचारली, तर त्यांनी बोटांत धरून दाखवली. मी एवढ्या वर्षांच्या सवयीनं नजरेनंच माप घेतलं. चौकट जरा जास्तच जाड होती. दोन भिंती एकीला एक लागून असाव्यात तशी.

"लहान हाताला अजिबात जोर लागणार नाही," मी म्हटलं. "माझी हमी."

"बरोबर आहे," ते म्हणाले.

मी उत्तमातली उत्तम कडी निवडली, कानाशी धरून तीनतीनदा ऐकली, आणि मुलीच्या पत्त्यावर पाठवून दिली. पैशांचं नाव काढलं नाही. मुलीच्या सासरची माणसं.

४

पार्सल पोचलं त्या दिवशी मुलीचा दुकानात फोन आला. साधा फोन, कानाला लावायचा.

"बाबा, ही कडी कशाला पाठवलीत?"

"तुला नाही ती. काकांना दे."

"कुठल्या काकांना?"

"अगं, तुमच्याकडचे. टेबलाच्या शेवटी बसतात ते."

"बाबा, ते तुमच्याकडे बसतात."

"काहीतरीच काय?"

"तुमच्या टेबलाच्या कडेला, धाकट्याच्या बाजूला. मला वाटलं तुमचे दुकानातले कोणी मित्र. आईला सोबत म्हणून संध्याकाळी येत असतील. मी रोज नमस्कार करते त्यांना."

"आमच्याकडे कोण येणार? मी आणि तुझी आई."

"आमच्याकडे आम्ही तिघं."

मग आम्ही बापलेक एकदमच म्हणालो, "धाकट्याकडचे असतील."

मी धाकट्याला फोन लावला. तो वैतागून म्हणाला, "बाबा, ऑफिसात आहे. ते दाजींचे काका ना? ताईकडे बसतात ते?"

"तुझ्या खोलीत कोणी नाही?"

"माझ्या खोलीत मीच जेमतेम मावतो. काय झालं? चांगला माणूस आहे तो. नोकरी बदलू का म्हणून मी परवा त्यांचा सल्ला घेतला."

"काय म्हणाले?"

"घाई नको म्हणाले."

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. तीन घरांत पाच शहाणी माणसं, आणि प्रत्येकानं आपापल्या शिष्टाचारापायी एका अनोळखी माणसाला रोज जेवायला बसवलं होतं.

मुलगी अजून दुसऱ्या फोनवर होती. तिला म्हटलं, ती कडी आधी परत पाठव.

"टेबलावर ठेवली होती," ती म्हणाली. मग लांबून तिचा आवाज आला, "टिटवी, इथली कडी कुठाय गं?"

टिटवीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "त्यांनी मागितली. मी दिली."

"कशी दिलीस?"

"हातात."

५

जावईबापू शिकलेले आहेत, मला त्यांचा आदर आहे. त्या संध्याकाळी ते स्क्रीनसमोर उभे राहून आम्हाला समजावत होते. रेघेपाशी कोणी नव्हतं. पण मुलीच्या टेबलाच्या शेवटची खुर्ची जरा ओढलेली होती, माणूस नुकताच उठून गेल्यासारखी.

"बाबा, ही दोन चित्रं जिथे जुळतात ना, तिथला भाग मशीन अंदाजानं भरतं. थोडं तुमच्याकडचं, थोडं आमच्याकडचं. त्यातून एखादा आकार तयार होतो. तुमचंच प्रतिबिंब असेल ते."

"माझं प्रतिबिंब डाव्या हाताच्या दाराची कडी मागेल?"

"आवाजाचंही तसंच असतं."

"जावईबापू, मला मशीनमधलं काही कळत नाही. पण गिऱ्हाईक कळतं. त्या माणसाला दार आहे. दार तयार आहे. फक्त कडी राहिली होती."

टिटवी जावईबापूंच्या पायाशी रंगीत खडूनं काहीतरी काढत होती. मान वर न करता म्हणाली, "आता बसवली. मला बोलावलंय त्यांनी. सगळ्यांनाच बोलावलंय, पण आधी मला."

मुलीनं तिला उचलून घेतलं. त्यानंतर कोणी वाद घातला नाही. मी स्क्रू काढायचा पेचकस आणून आमची स्क्रीन माझ्या हातानं भिंतीवरून उतरवली. मुलीनं आणि धाकट्यानंही आपापल्या उतरवल्या. आमची ही मुसमुसत होती. "एवढी जवळ आली होती पोरं," असं म्हणाली, आणि भिंतीवर राहिलेला तो स्वच्छ चौकोन पुसून काढावा तसा पदरानं पुसू लागली.

"आता खरंखुरं भेटू," मी म्हटलं. "बॅग भर."

६

मुलीच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर मी सवयीनं दारं बघितली. प्रत्येक दाराला बिल्डरनं घाऊक घेतलेली गोल मूठ, फिरवली की डबा वाजल्यासारखी वाजणारी. माझा माल कुठेही नव्हता. मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा माल एखाद्या घरात नाही म्हणून मला बरं वाटलं.

घर साधंच. जेवणाची खोली, तिथून निघणारा एक आखूड बोळ, बोळात डावीकडे मोरी, उजवीकडे टिटवीची खोली, समोर कोरी भिंत. भिंतीमागे काय, मी विचारलं. जावईबापू म्हणाले, काही नाही, बाहेरचा जिना.

दुपारी सगळे जेवायला बसलो. खरी माणसं, टेबलाखाली एकमेकांना लागणारे खरे पाय. टिटवीनं माझ्या ताटात हात घातला, मुलगी तिच्यावर ओरडली, ही मुलीवर ओरडली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मी बनियनवर होतो. कोणी काही बोललं नाही.

"हात चिकट झाले," टिटवी म्हणाली आणि मोरीकडे गेली.

नळाचा आवाज आला. नळ बंद झाला. मग ते आलं. आधी बारीक टिच, मग क्षणभर काही नाही, आणि मग गोल, भरीव ठक.

टेबलावर कोणाचंही लक्ष नव्हतं. कशाला असेल? घरात दार वाजतंच. मी उठलो.

"अहो, जेवण अर्धं टाकून कुठे?"

"हात धुवायला."

"मध्येच?"

मोरी रिकामी. टिटवीची खोली रिकामी. समोरच्या कोऱ्या भिंतीत, कमरेच्या खाली, माझी पितळी मूठ. ती नुकतीच दाबून सोडलेली असावी, कारण अजून वर येत होती. मऊ स्प्रिंग सावकाश वर येते.

दुकानदाराचा हात आहे, तो डोक्याला विचारत नाही. मी मूठ दाबली. जोर लागलाच नाही.

फटीतून मला जे दिसलं तेवढंच सांगतो. एक टेबल. ते जिथे संपायला हवं तिथे संपत नव्हतं. दोन्ही बाजूंना खुर्च्या, ताटं मांडलेली, आणि लांब, जिथवर उजेड पोचत नव्हता तिथे, बसलेल्या माणसांच्या बाह्या. टिटवी पाठमोरी, तिसऱ्या खुर्चीवर, पाय हलवत. तिच्यासमोरच्या भिंतीवर काच असल्यासारखी आमची जेवणाची खोली दिसत होती. मुलगी, जावईबापू, माझी रिकामी खुर्ची. ही म्हणत होती, "यांना हाक मार गं, जेवण गार होतंय." तिच्या तोंडाची हालचाल त्या भिंतीवर होत होती आणि आवाज मला मागून, बोळातून येत होता.

दाराच्या अगदी कडेला एक हात आला. राखाडी बाही. त्यानं टिटवीशेजारची खुर्ची माझ्यासाठी मागे ओढली. जमिनीला पाय घासू नयेत म्हणून जरा उचलून.

मी एक पाय आत टाकला, टिटवीच्या दंडाला धरलं आणि ओढली. ती किंचाळली, कारण मी खरंच जोरात ओढली होती. पाठीनंच दार लोटलं. ठक.

सगळे धावत आले. मी कोऱ्या भिंतीला टेकून बसलो होतो, मांडीवर रडणारी पोर, आणि एका पायात सपात.

"दुसरी सपात कुठाय?" आमची ही म्हणाली. संसार असा असतो.

७

आम्ही परत आलो. कोणाला काय सांगायचं? जावईबापूंनी भिंत ठोकून बघितली, भरीव लागली. मुलीला मी एवढंच म्हटलं, घर बदला. तिनं बदललं. टिटवीच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उमटले होते, म्हणून ती बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. ते मला चाललं.

सपातीचं मात्र आमच्या हिच्या डोक्यातून जाईना. "नवी कोरी जोडी. माणूस मुलीच्या घरी जातो आणि एका पायानं परत येतो." मी ऐकून घेतलं.

मग परवा मुलीचा फोन आला. सुट्टीत टिटवीला घेऊन येतेय, चांगला महिनाभर. ही आनंदानं नुसती नाचत होती. फोनवर ओरडत होती की आता कसली यंत्रं नकोत, समोरासमोर जेवू. मग फोन ठेवून म्हणाली, "आणि हो, तुमची सपात सापडली हं. तुम्हीच आणून ठेवलीत आणि मला इतके दिवस बोलू दिलंत."

"कुठे सापडली?"

"जेवणाच्या खोलीत. मी दुसरीही आणून जोडीला ठेवलीय."

मी जाऊन बघितलं. स्क्रीन होती त्या चौकोनाखाली, भिंतीला लागून, दोन्ही सपाता नीट जुळवून ठेवलेल्या. टोकं भिंतीकडे. पाहुण्यानं आत जायचं असतं तेव्हा यजमान ठेवतो तशा.

मी मुलीला फोन करून म्हटलं, येऊ नका. ती चिडली. आधी कोणी येत नाही म्हणून भांडत होतात, बाबा, आता येतोय तर येऊ नका. कारण काय? हिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "यांचं काही ऐकू नकोस. तिकीट काढ." त्या निघाल्यासुद्धा.

आता मी जेवणाच्या खोलीत बसलोय, त्यांची वाट बघत. ही स्वयंपाकघरात भांडी वाजवतेय, आणि मध्येमध्ये भिंतीतून आवाज येतोय. टिच. ठक. पुन्हा टिच. पुन्हा ठक. चांगलं गिऱ्हाईक बसवलेली कडी अशीच दाबून बघतं.

आवाज नेमका आहे. बसवणाऱ्यानं छान बसवलीय. लहान हाताला अजिबात जोर लागणार नाही.